नगरातला पहिला सोमवार

पुण्याहून गाडी सुटली तेव्हा डोक्यात एकच विचार होता: आज नगरला घर मिळालं नाही, तर मी आणखी वर्षभर लग्न झालेली पेइंग गेस्ट म्हणूनच राहणार. माझी नोकरी पुण्यात, नवऱ्याची म्हणजे सुहासची संभाजीनगरात. लग्नाला वर्ष झालं, संसार मात्र फोनवर. नोकरी सोडायला दोघंही तयार नव्हतो. आता निम्मे दिवस घरून काम करायची मुभा मिळाली, म्हणून मधोमध राहायचं ठरलं. लग्नानंतर माहेरी राहायला नको म्हणून पुण्यातच घेतलेल्या माझ्या खोलीची मुदत याच महिन्यात संपत होती.

शिरूर सुटलं, घोड नदी ओलांडली आणि नगर जिल्हा लागला. पाट्यांवर अहिल्यानगर आलंय, कंडक्टर मात्र ‘नगर, नगर’ करत होता आणि सगळे बरोबर ठिकाणी उतरत होते. मी सोडून. मी माळीवाड्याला उतरले, सुहास तारकपूरला, आणि दोघंही फोनवर ‘मी स्टँडवरच उभा’, ‘मीही स्टँडवरच’ असं खेकसत राहिलो. शेवटी उसाच्या रसवाल्याला दया आली.

“ताई, नगरात तीन स्टँड हायेत. भांडून एक हुनार न्हाईत.”

एजंट बापूभाऊंनी आधी केडगाव दाखवलं. मला आवडलं, पुण्याच्या रस्त्यावर आहे ना. सुहासला तिथली हवा जड वाटली. मग संभाजीनगरच्या बाजूची सावेडी. ती त्याला भलतीच पसंत पडली आणि मला तिथल्या जिन्यात गुडघेदुखी सुरू झाली. मधोमध राहायचं ठरवून आलेली आम्ही दोन माणसं, गावातही आपापल्या शहराकडे सरकत होतो.

“म्याडम, पानी चोवीस तास हाय,” बापूभाऊ म्हणाले. मी नळ सोडला. नळानं नुसता सुस्कारा टाकला.

“म्हंजे, चोवीस तासांत येतंच कवातरी.”

दुपारी त्यांनी शेवटचं घर दाखवलं. मालकीणबाई, साळवे बाई, शाळेतून निवृत्त झालेल्या. नुकत्याच चर्चमधून आल्या होत्या. “सलाम,” म्हणाल्या. नगरच्या ख्रिस्ती घरांत असंच स्वागत होतं, हे मला तेव्हा कळलं. मी ‘नमस्कार’ म्हटलं आणि सुहासनं गडबडून दोन्ही केलं. वरचा मजला, दोन खोल्या, पूर्वेला गच्ची, आणि स्वयंपाकघरात दोघं एकमेकांना धक्का न लावता उभे राहू शकतील एवढी जागा. आम्ही एकमेकांकडे पाहिलं. वर्षात पहिल्यांदाच आमचं एकमत झालं होतं. सुहासनं विसार द्यायला फोन काढला.

बाईंनी हात वर केला. “आज रविवार. प्रभूचा वार. आज मी घराचा व्यवहार बोलत नाही.”

“बाई, हितं गिऱ्हाइक हातात हाय!” बापूभाऊ कळवळले.

“हातात असेल तर उद्या सकाळपर्यंत टिकेल. उद्या बँकेतलं एक जोडपंही यायचंय. जो आधी येईल त्याचं घर. आता जेवायला बसा. उपाशी कुणाला पाठवायचा वार नाही हा.”

मटणाचा रस्सा आणि बाजरीची भाकरी. जेवण इतकं फक्कड की भांडायला ताकद आली. उद्या माझी क्लायंटबरोबर मीटिंग, सुहासचं ऑडिट. ‘तू थांब’, ‘तूच थांब’ असं हळू आवाजात सुरू झालं. बाई भाकरी वाढता वाढता ऐकत होत्या.

“एकट्यानं येऊ नका,” त्या म्हणाल्या. “दोघं या. तुम्ही नुसते रविवारचेच नवरा-बायको असाल, तर माझं घर कशाला अडवता?”

मला राग आला. म्हातारीला काय करायचंय, असंही मनात आलं. पण बाईंचं चुकलं नव्हतं. एकमेकांसाठी अख्खं गाव बदलायला निघालेले आम्ही, एक रजा टाकायला तयार नव्हतो.

आम्ही रात्री लॉजवर थांबलो. सुहासनं साहेबांना पोट बिघडल्याचं कळवलं. माझाही थापेचा मसुदा तयार होता, पण ऐन वेळी मी खरं कारण लिहून टाकलं. सकाळी माळीवाड्याजवळ मिसळ खाल्ली. समोर सुहास, तर्रीनं लाल झालेलं नाक पुसत बसलेला. लग्नानंतर आम्ही सोमवारी असे एकत्र कधी नव्हतोच. माझे डोळे भरून आले. मिसळ तिखट होती, त्यामुळे खपून गेलं.

बाई दारातच होत्या, बँकेतलं जोडपं अजून आलं नव्हतं. आम्हा दोघांना पाहून हसल्या, आणि विसाराआधी उंबऱ्यात उभं राहून त्यांनी छोटीशी प्रार्थना केली. सुहासनं सवयीनं चपला काढल्या, मी हात जोडले. मग विसार घेऊन बाईंनी किल्ली आम्हा दोघांच्या मधोमध धरली. ती कुणी घ्यायची यावर वाद झाला नाही.

सुहास संभाजीनगरच्या गाडीत बसला, मी पुण्याच्या. दर वेळी त्याला सोडून निघणं जिवावर यायचं. आज आलं नाही. गुरुवारी तो येणार होता, मीही येणार होते, आणि त्या घरात अजून साधं पातेलंही नव्हतं, याचीच काळजी जास्त होती. बसमध्ये शेजारच्या काकूंनी शेंगा पुढे केल्या.

“कुठली गं तू?”

सदाशिव पेठेत जन्मलेल्या माणसाला या प्रश्नाचं उत्तर फार अभिमानानं द्यायची सवय असते.

“नगरची,” मी म्हणाले. माहेरच्यांनी ऐकलं नाही, ते बरंच झालं.