डोळे सगळ्यात शेवटी

भुताखेतांवर माझा कधीच विश्वास नव्हता, वाचकहो. भिंतीवर वेताळ रंगवून पोट भरणारा मी चितारी — मी कशाला भिणार? पण कापसाच्या तेजीत, इथं अमरावतीत, भरदुपारी जे घडलं ते सांगतोच.

एका कापूसवाल्या शेटजींनी नवी माडी बांधली. देव सगळ्यांच्याच भिंतींवर आहेत, कुणाकडे नाही असं काही काढ, म्हणाले. मी अकोल्याचं आमचं अंगण काढलं... कडुनिंब, शेळी, आणि पाट्यावर बापासाठी रंग वाटणारी माय. बापही चितारीच. माय मात्र मी रांगत होतो तेव्हाच गेली. तिचा चेहरा आठवणार कुठून?

म्हणून थोरल्या अक्काला बोलावलं. ती कापसाच्या गाडीवर बसून, केसांत सरकी घेऊन आली. भिंतीपुढे कमरेवर हात ठेवून म्हणाली, "हे तं देवी हाये. माय कोठी हाये?"

खरंच होतं. हाताला देवीचंच वळण! दोनदा पुसलं, दोनदा लक्ष्मीच उतरली. अक्का उद्या परत जाणार, आणि मायचा चेहरा आता जगात तिलाच ठाऊक. रडकुंडीला येऊन मी त्या चेहऱ्यावर ओला चुना फासला, चुन्याला झळ लागू नये, कुणी हात लावू नये म्हणून खिडक्या आतून लावल्या, दाराला कुलूप घातलं. मग त्याच दाराला टेकून आम्ही दोघांनी भाकरी-ठेचा खाल्ला. दुसरं दार खोलीला नव्हतं.

कुलूप काढलं... तर चुन्यावर चेहरा. खदखदून हसणारा, पुढचा एक दात पडलेला! देवांचे दात आम्ही कधी दाखवत नाही, मला ते जमलंच नसतं. कुंचले तर कोरडे ठणठणीत होते.

अक्का भिंतीजवळ गेली आणि हसायलाच लागली. "तुयाच डोस्क्यानं पडला थो दात. मांडीवर उसळला तू, अन् माय रडाच्या जागी हासतच बसली."

हे मला आजवर कुणी सांगितलं नव्हतं.

डोळ्यांच्या जागा मात्र कोऱ्या होत्या. आमच्या धंद्यात डोळे सगळ्यात शेवटी, आणि ते ज्या चिताऱ्याचं चित्र त्यानंच काढायचे. बापाचे रंग वाटणाऱ्या मायला हे ठाऊक असणारच. मी काजळी घेतली, अक्का सांगत गेली, आणि मी माझ्या मायचे डोळे काढले. इतका आनंद मला कधी झाला नव्हता.

तो चेहरा कुणी काढला, याचा उलगडा अजून नाही. माझ्या देव्या मात्र तेव्हापासून दात दाखवून हसतात. गिऱ्हाइकं कुरकुरतात... पण मी काही ते दात झाकत नाही.