मांडवात बोलावलेला नवरा

“बुडालेल्या मानसाला लग्नाला बोलवतेय ही! उठवा तिला पैली,” असं नवऱ्या मुलाची आत्या शेजारणीच्या कानात म्हणाली, आणि ते अख्ख्या मांडवाला ऐकू गेलं. मीही हादरले होते, पण मला त्याची सवय होती. गाणारी बाई आमची मीठवाली होती, आणि माणसाला हादरवण्यात तिच्या तोडीची बाई ठाण्यापासून कल्याणपर्यंत दुसरी नसेल.

एरवी ती बाबांच्या मिठागरावरचं मीठ टोपलीतून आमच्या मागच्या दारी आणून देई. लग्नसराईत मात्र ती धवलारीण. आगरी लोकांत लग्न भट लावत नाही. धवलारीण गाऊन लावते. एकेका देवाला गाण्यातून मांडवात बोलवायचं, बसवायचं, मग पुढचे विधी. आमची मीठवाली सगळे देव बसले की शेवटी आपल्या नवऱ्यालाही बोलवी. तो ना मुलीकडचा, ना मुलाकडचा, आणि मिठाची होडी घेऊन जाताना खाडीत बुडून वारलेला.

पहिला धक्का मला तिने आमच्या ओट्यावरच दिला होता. आमच्याकडे बायका नवऱ्याचं नाव घेताना भिंतीकडे बघतात, तेही उखाण्यात. ही टोपली उतरवता उतरवता म्हणाली, “माजा गोमा असता तर टोपली त्यानं उचलली असती गो.” मिशनच्या शाळेत इंग्रजी कादंबऱ्या वाचलेली मी, पण माझे कान तापले. पुढे तिने बाबांदेखत सांगितलं, की मिठागरात ती गुडघाभर चिखलात रुतली आणि गोमाने हात धरून बाहेर ओढलं. “भायेर काडली, पन हात काय सोरला न्हाय मेल्यानं!” बाबा दात घासत होते. ते चूळ न भरताच आत गेले.

तिची गाणी तिनेच रचलेली, आणि त्यांत गोमाचं मरण दर लग्नात निराळं. कधी वादळ, कधी भोवरा. एकदा तर म्हणे कुणा बुडत्या वासराला काढायला त्याने उडी घेतली. खरं काय, असं मी घाबरतच विचारलं. “रोज एकच मरन गायलं तर कंटालंल ना तो,” ती म्हणाली. मला हसू आलं, आणि हसल्याचीच भीती वाटली. मेलेल्या माणसाबद्दल असं बोलतात? आमच्या घरी तर बोलतच नाहीत. माझी आई गेली, वर्षाच्या आत नवी आई आली, आणि तिला वाईट वाटू नये म्हणून पहिलीचं नाव घरातून गेलं. कुणी मना केलं नव्हतं. आधी बाबा गप्प झाले, मग मी. मीठवालीला हे ठाऊक होतं. एकदा माझ्याकडे बघत म्हणाली, “रडून माजे डोले गेले असते बाय. गायले, म्हनून नुसता गला गेला.” गळा खरोखरच गेलेला होता. फाटक्या शिडातून वारा यावा तसा तिचा आवाज येई.

तर ते लग्न बाबांच्या मुकादमाच्या मुलीचं होतं, बाळकुमला. बाबांनी आहेर घेऊन मला पाठवलं होतं. वऱ्हाड डोंबिवलीकडून होड्यांनी आलेलं, आणि सोबत त्यांची स्वतःची धवलारीण. आत्या आता उघड उभी राहिली. “आमच्या पोराच्या लग्नात मेलेला मानूस नको. ही गप ऱ्हाईल, न्हाय तर आमची बाई गाईल.”

मीठवाली शांतपणे म्हणाली, “आता कसा उठवू? बसलाय तो.”

कुणीतरी फिसकन हसलं. मुकादम हसला नाही. हात जोडून तो म्हणाला, “गोमाला सोर ना या टायमाला. माज्या पोरीचं लगीन मोरंल.”

भर मांडवातून उठवलेल्या धवलारणीला पुढे कुणी बोलवत नाही, हे तिथल्या पोराटोरांनाही ठाऊक होतं. आणि मांडव नसला तर गोमाला ती बोलवणार कुठे? ती एका हाताने जमिनीला रेटा देऊन उठू लागली. त्या बाईला मी कधी गप्प पाहिलं नव्हतं. तिच्या आजवरच्या सगळ्या बोलण्याने बसला नसेल एवढा धक्का मला त्या गप्प बसण्याने बसला.

मी उभी राहिले. मालकाची मुलगी उठली म्हणून सगळे माझ्याकडे वळले. चार माणसांत मी कधी पाणीसुद्धा मागितलेलं नव्हतं.

“मावशी, उठू नका,” मी म्हणाले. “माझ्या आईलाही बोलवायचं आहे. द्वारका नाव तिचं. तिला कमी ऐकू येतं, जरा मोठ्यानं म्हणा.”