बाभळीच्या काट्यांपलीकडची हळद

सरकारनं देश बंद केला तेव्हा आमच्या गावात बंद करण्यासारखं होतंच काय? गोरेगावच्या रस्त्यानं जीप सोडून थोडं आत चालायचं, की आमचं गाव. एक किराणा, एक पिठाची गिरणी आणि मोबाईलचं रिचार्ज मारून देणारी एक टपरी. किराणा चालू राहिला, गिरणी चालू राहिली. टपरीवाल्या पोराला मात्र काम उरलं नाही, आणि रिकाम्या माणसाच्या हातात नियम पडला की तो काय काय करतो, ते मी त्या उन्हाळ्यात डोळ्यांनी पाहिलं. गावानं समिती काढली आणि हा पठ्ठ्या तिचा अध्यक्ष झाला. वेशीवर बाभळीच्या फांद्या आडव्या टाकल्या, बाजूला खाट टाकली, आणि चार रिकामटेकडे सकाळपासून तिथं पत्ते कुटत बसू लागले. तोंडाला रुमाल बांधलेला, पण तंबाखूची पिचकारी मारायची झाली की तो हनुवटीवर.

नेमकी त्याच वेळी माझी हळद रानातून निघाली.

'माझी' असं म्हणते, त्याला कारण आहे. आमच्या घरात सोयाबीन आणि तूर सोडून तिसरं पीक घेणं म्हणजे धर्म बुडवणं. मी दोन वर्षं मागं लागून बोअरखालचा एक तुकडा मागून घेतला. आमचे मालक, म्हणजे माझा नवरा, म्हणाले, "हळद वसमतकडच्या लोकांनी करावी. आपलं काम न्हाई ते. पन तुझी हौस हाय तर होऊन जाऊ दे." हौस! बेणं मी लावलं, माती मी चढवली, पाटाचं पाणी मी फिरवलं, कंबर माझी मोडली, आणि नाव काय तर हौस. दीर आणि भावकीतले पुरुष बांधावरून जाता-येता विचारायचे, "काय वहिनी, हळद पिकली की लगीन लावायचं का कुनाचं?" आणि आपल्याच विनोदावर खो खो हसायचे. मालकही त्यांच्यात उभे राहून हसायचे, तेच मला जास्त लागायचं.

आणि हळद आली हो! कुदळीखाली एकेक गड्डा असा भरून निघाला की बायका खणता खणता थांबून बघायच्या. बेण्याचे गड्डे वेगळे काढून सावलीत झाकले, आणि बाकी हळकुंडांचा ढीग घरी आणून अंगणात पाल्याखाली घातला. भावकीतलं कोणी बांधावर आलं नाही त्या दिवशी.

पण ओल्या हळदीला थांबता येत नाही. ती खणली की शिजवायची, मग वाळवायची, मग बाजारात, मोंढ्यात, विकायची. पाल्याखाली झाकून थोडे दिवस दम काढते, नंतर बुरशी धरते आणि तिचा उकिरडा होतो. शिजवायला वाफेचा मोठा कुकर लागतो, ट्रॅक्टरनं ओढून आणायचा. तसा कुकर आमच्या शिवारात एकाकडंच होता, ओढ्यापलीकडच्या तांड्यावरल्या एका माणसाकडं. आणि मला पक्कं ठाऊक होतं, की हा ढीग सडला तर पुढं त्या घरात मला काळं कुत्रं विचारणार नाही. जन्मभर ऐकावं लागेल, "म्हनलं व्हतं ना तुला." ढिगापेक्षा मला त्या वाक्याची जास्त धास्ती होती.

कुकरवाला ठरल्या दिवशी आला आणि काट्यांपाशी अडला. निरोप आला तशी मी धावत गेले.

अध्यक्ष खाटेवरून म्हणाला, "तांड्यावरचे लोक ऊसतोडीहून वापस येऊन राहिले. बाहेरचा मानूस आत घेनार न्हाई."

कुकरवाला ट्रॅक्टरवरूनच म्हणाला, "मी तोडीला गेलोच न्हाई भाऊ. वर्सभर हितंच हाव. इचारा कुनालाबी."

"नियम म्हंजे नियम."

मी म्हणाले, "व्हय का? मग तुझा चुलतभाऊ परवा पुण्याहून गाडीवर आला आन् घरात पंख्याखाली झोपून राहिला, त्याला काहून सोडलं?"

"तो घरचाच मानूस हाय काकू."

वा रे वा! म्हणजे हा रोग पाहुणचार बघून लागत होता तर. नात्यातल्याला सोडायचा आणि तांड्यातल्याला धरायचा. आणि हे बोलताना अध्यक्षाच्या हातात स्टीलचा पेला होता. काढा पीत होते सगळे. रोग होऊ नये म्हणून हळद घालून उकळलेला काढा. पिवळ्या झालेल्या मिशा पुसत माझी हळद सडवायला निघाले होते मेले! मी पेल्याकडं बोट केलं तर एकाच्याही डोक्यात काही शिरलं नाही. कुकरवाला बिचारा ट्रॅक्टर वळवून गेला.

"सरकारचा कागद आना, सोडतो," असं अध्यक्ष म्हणाला होता, आणि तेवढ्यासाठी जाऊन यायची मुभाही दिली होती. म्हणून दुसऱ्या दिवशी आम्ही दोघं सेनगावला निघालो. मोटरसायकलवर एकाच माणसानं बसायचं, हा आणखी एक नियम. म्हणून पोलीस दिसले की मी उतरायची, पदर सावरून चालत पुढं जायची, आणि पोलीस ओलांडले की लगेच परत मागं बसायची. घरात एका ताटात जेवणारी माणसं, पण गाडीवर बसलो की एकमेकांना रोग देणार. पोलिसांनाही ते ठाऊक होतं. एक जण तर मला म्हणाला, "बाई, जरा लांब जाऊन बसत जा ना, आमच्या समोरच बसून राहिल्या."

तहसीलच्या दारात टेबल आडवं लावून एक साहेब बसले होते. मी सगळं सांगितलं.

"शेतीच्या कामाला बंदी नाही," ते म्हणाले. "पास लागतच नाही."

"तेच लिहून द्या साहेब."

"जे लागत नाही ते कसं लिहून देणार?"

"पण गाव सोडत न्हाई ना."

"गावाला अडवायचा अधिकारच नाही."

"मग ते तरी लिहून द्या."

साहेबांनी माझ्याकडं असं पाहिलं, जणू मी त्यांची खुर्ची मागत होते. "पुढं या," असं मागच्या माणसाला म्हणाले. झालं. पास लागत नव्हता म्हणून मिळत नव्हता, आणि मिळत नव्हता म्हणून माझी हळद शिजत नव्हती. येताना मालक गाडीवर म्हणाले, "जाऊ दे आता. नशिबात नसंल." मी बोलले असते तर गाडीवरून ढकलूनच दिलं असतं त्यांना.

घरी येऊन पाला उचलून बघितला तर ढिगाच्या तळाला कोंदट वास यायला लागला होता. मी तिथंच बसले आणि विचार केला. नियम काय, तर बाहेरचा माणूस आत यायचा नाही. हळद बाहेर जायची नाही, असं कोणी म्हटलंय का? कुकर येत नसेल तर हळदच कुकराकडं जाईल. मालकांना सांगितलं तर डोकं खाजवून म्हणाले, "लोक काय म्हनतील?" मी म्हणाले, "लोक आत्ता काय म्हणून राहिले ते रोज ऐकते ना मी. तुमी निसते बैल जुपा."

बैलगाडी काट्यांपाशी आली तसे पत्ते थांबले. अध्यक्ष खाटेवरून उठला. बाहेरून येणाऱ्याला काय विचारायचं ते त्यानं पाठ केलं होतं, पण बाहेर जाणाऱ्या हळदीला काय विचारायचं? मग त्याला ताप मोजायचं ते पिस्तूल आठवलं. पंचायतीनं नवीनच आणलेलं. माझ्या कपाळाला लावलं, मालकांच्या लावलं. काही निघालं नाही. मी उगाच म्हणाले, "बैलाला काहून सोडलं?" आणि त्या शहाण्यानं खरंच बैलाच्या कपाळाला लावलं!

बैलाचं अंग माणसापेक्षा गरमच असतं, हे शेतकऱ्याच्या पोराला कळू नये? आकडा बघून त्याचा चेहरा उतरला. "ताप हाय याला!" म्हणत चौघे खाटेमागं पळाले. मालकांना हसू आवरेना. लग्नानंतर इतके हसताना मी त्यांना कधी पाहिलं नव्हतं. तापलेला बैल गावात ठेवायला कोणी तयार नव्हतं, म्हणून काटे भराभर बाजूला झाले आणि गाडी बाहेर पडली. मागून अध्यक्ष ओरडला, "ओढा वलांडला तर वापस यायचं न्हाई! आलं तर चौदा दिवस शाळेत!"

ओढा कोरडा होता. फोन केला होता, तशी पलीकडून कुकरवाल्यानं ट्रॉली आणली आणि पोती तिच्यात टाकली. मालक गाडीपाशीच थांबले. "जनावरं हायेत," म्हणाले. "मी न्हाई येत. बैल रानातच बांधून घरी जातो. तू जाय." मी ट्रॉलीत बसले. वळून पाहिलं नाही, एवढा राग आला होता.

आणि तांड्याच्या तोंडाशी काय असावं? बाभळीचे काटे! तिथंही खाट, तिथंही रुमाल बांधलेली पोरं. "तुमच्या गावात पुन्यावरून लोक आले," ती म्हणाली. "आमी घेनार न्हाई." मी कपाळावर हात मारला. आमचं गाव त्यांना भिऊन बसलेलं, ते आम्हाला भिऊन बसलेले, आणि मधल्या ओढ्यात माझी हळद. शेवटी कुकरवाल्यानं भांडून तडजोड काढली, की बाईनं तांड्यात यायचं नाही, बाहेर माळावर राहायचं.

माळावर राहिले. कुकर लावला, वाफ धरली, हळद शिजली. ताडपत्रीवर पसरली आणि ऊन खात वाळायला लागली. कुकरवाल्याची बायको भाकरी आणून लांब दगडावर ठेवायची आणि तिथूनच बोलायची. असं किती दिवस ओरडून बोलणार? एका दुपारी ती भाकरी घेऊन सरळ माझ्याजवळ आली आणि मांडी घालून बसली. म्हणाली, "मरायचं तं मरू ताई. पन एवढ्या मोठ्यानं सुखदुःख सांगता येत न्हाई." त्यानंतर आम्ही रोज सोबत हळद हलवली. माझ्या नणंदेशी मी एवढं बोलले नसेन. खोकला तिलाही आला नाही आणि मलाही नाही.

हळद खणखणीत वाळली. हळकुंड मोडलं की कट्कन आवाज यायचा. पोती भरून ट्रॉली परत वेशीवर आली तेव्हा अध्यक्षानं पोती बघितली, मला बघितलं आणि निकाल दिला: हळद आत, बाई शाळेत. मी म्हणाले, "अरे, इतके दिवस मी माळावर एकटीच होते, ते मोज ना." तर म्हणे, "गावाबाहेरचे दिवस मोजत न्हाईत काकू." पोती मालकांनी उतरवून घेतली. माझ्यासाठी कोणापुढं एक शब्द काढला नाही. निसते मान खाली घालून पोती वाहत राहिले.

शाळेत पाचवीच्या वर्गात मला ठेवलं. भिंतीवर स्वच्छतेचे नियम रंगवलेले आणि संडासाला पाणी नाही. मालक रोज डबा पायरीवर ठेवायचे, मागं सरायचे, घसा खाकरायचे आणि जायचे. मी खिडकीतून बघायची आणि मनातल्या मनात शिव्या घालायची. चांगल्या, निवडून.

एक दिवस डबा ठेवून ते गेले नाहीत. चप्पल घासत उभे राहिले. मग खिडकीकडं न बघता म्हणाले, "भावकीतले लोक येऊन हळद बघून गेले."

"बघू द्या."

"मोंढा उघडला की भाव चांगला लागंल म्हनत व्हते." परत चप्पल घासली. "विहिरीच्या वावरात लावावी का औंदा?"

मला आधी वाटलं माझे कान वाजले. विहिरीचं वावर म्हणजे त्यांच्या वडिलांच्या हातचं, घरातलं सगळ्यात काळं रान. तिथं काय पेरायचं हे मला कधी कोणी विचारलं नव्हतं. न्याहारी घेऊन जायचं आणि पेरलेलं निंदायचं, एवढाच माझा त्याच्याशी संबंध.

"बेणं पुरंल का तेवढं?" ते म्हणाले. "तू काय म्हनतीस?"

रडूच आलं मला. पण आवाज मऊ पडू दिला नाही. "वावराचं असं रस्त्यावरून ओरडून इचारत्यात का? इचारायचं तं आत या."

"आत आलो तं मलाबी चौदा दिवस."

"मग ऱ्हाऊ द्या."

ते निघून गेले. मी खिडकी धाडकन लावली. म्हटलं, संपलं. नियमाला भिणारा माणूस, याच्याकडून कसली आशा?

ऊन कलायला आलं तेव्हा बाहेर आरडाओरडा ऐकू आला. अध्यक्ष ओरडत होता, "काका, आत गेलात तं बाहेर येता येनार न्हाई, सांगून ठेवतो!" मी दार उघडलं. मालक पायऱ्या चढत होते, काखेत अंथरुणाची वळकटी. जनावरं भावाच्या दावणीला बांधून आले होते.

ते आत आले. वळकटी फरशीवर टाकली, माझ्यासमोर मांडी घातली आणि म्हणाले, "हं. बोल आता."