आबांचा लेथ आणि पावशेर शेंदूर

बटन दाबायला न्हाई गेल्तो मी, आबा.

दोन वर्षं तुम्ही गावभर तेच सांगितलं. "आमचा नातू लेथ सोडून बटन दाबायला गेला." टपरीवर सांगितलं, ट्रकवाल्यांना सांगितलं. बटन म्हंजे कॉम्प्युटरवर चालणारी नवी मशीन.
मी बी हट्टी. खरं काय ते बोललोच न्हाई.

आता कुणाला सांगू?

माझे आबा गेल्या शनिवारी गेले. शहागडला हायवेच्या कडेला त्यांचं जुनं वर्कशॉप आहे, कुणी कुणी बघितलं असेल.

फोन आला तवा मी इथं कोइमतूरला होतो. बॅग भरून स्टेशनवर गेलो. काकांना म्हणालो, दोन गाड्या बदलून परवा सकाळी पोचतो.
काका म्हणाले, "ऊन लई हाये रे पोरा. थांबता न्हाई येणार."

बेंचावर बसून राहिलो. मंग माघारी रूमवर आलो.
इथं मराठी बोलणारं कुणी न्हाई. "आबा गेले" एवढं बी कुणापुढं म्हणता आलं न्हाई.

काल परत काकांचा फोन. भंगारवाला लेथ बघून गेला म्हणे. पुण्यानुमोदनाचा कार्यक्रम झाला की उचलणार.
काकांचं बी चूक न्हाई. त्यांना त्या जागेत टायरचं दुकान टाकायचंय.

पण तो लेथ काय आहे ते माहीत नसणाऱ्यांसाठी लिहून राह्यलो. नववी नापास माणूस आहे, चुकलं तर सांभाळून घ्या.

बहात्तरचा दुष्काळ सरून दोन-तीन वर्षं झाली असतील. आबा तवा माझ्याच वयाचे. जालन्याला कापसाच्या एका जिनिंगमध्ये मशीनला तेल घालायचे. मागच्या शेडमध्ये एक लेथ, म्हंजे लोखंड गोल फिरवून कातायचं मशीन, गंजत पडलेला.
मालक म्हणाला, "घेऊन जा, जागा तरी मोकळी होईल."
आबांनी तो ट्रकमध्ये टाकून शहागडला आणला.

लेथचा बेड म्हणजे ज्याच्यावर सगळं सरकतं तो लोखंडी पाट. वापरून वापरून तो एका बाजूला झिजला होता. कागदाएवढाच. पण तेवढ्यानं बी काम वाकडं येतं.

जिनिंगमधल्या म्हाताऱ्या मिस्त्रीनं इलाज सांगितला. "शेंदूर ले आ, तेल में घोल."
तेलात कालवलेला शेंदूर एकदम सरळ पट्टीला पातळ लावायचा. पट्टी बेडवर घासायची. जिथं लाल डाग उठला तिथं लोखंड उंच. तेवढंच हातानं खरडायचं.
परत शेंदूर. परत घासा. परत खरडा.

आबांनी जुन्या कानशीला धार लावून खरडायचं हत्यार केलं. आन वाण्याकडून पावशेर शेंदूर आणला.

तिथं घोटाळा झाला.

आबांच्या वडलांनी छप्पन साली धम्मदीक्षा घेतलेली. घरातले देव टोपल्यात भरून स्वतः गोदावरीत सोडून आलेला माणूस. त्यांनी पोराचे हात कोपरापर्यंत लाल बघितले.

"देव सोडले ना आपण? मंग हे काय?"
"मशीनचं काम हाये."
"आता मशीनचा देव केला का? उद्या नारळ फोडशील!"

आबांनी पुढं एक शब्द सांगितला न्हाई. वडील चिडून धाकट्या पोराकडं राहायला गेले. एकाच वस्तीत राहून आठ महिने बोलचाल बंद.
लोक टोमणे मारायचे, "काय म्हणतो तुझा मारुती?"

आबा खरडत राहिले.

शेवटी बेड सरळ झाला. डिझेल इंजिनाचा पट्टा लावून लेथ फिरवला, तवा आवाज ऐकून वडील दारात आले. आबांनी शेंदूर लावलेली पट्टी त्यांच्या हातात दिली. "घासा."
वडलांनी घासली. बारीक लाल ठिपके सगळीकडं सारखे उठले, म्हंजे पाट एकसारखा.

"कुठं उंच, कुठं खोल, हे कळायला लागतो शेंदूर."
"मंग आठ महिने तोंड शिवलं व्हतं का, येड्या?"
"तुम्ही विचारलंच कुठं? डायरेक्ट रागावले."

हे सांगताना आबा हसून हसून खोकायचे. मला शंभरदा सांगितलं असेल.

आन तरी आपण दोघं तसंच वागलो, आबा.

मी वाळूजचा कारखाना सोडला, राजकोटचा सोडला. तुम्ही म्हणायचे, "ह्याचं बूड एका जागी टिकत न्हाई." बराबर आहे. कोइमतूरला निघालो त्या दिवशी तुम्ही ओरडले, "जा, दाब बटनं!"
मी म्हणालो, "तुमच्या ह्या डबड्यापाशी मरू का मी?"

डबडं म्हणालो मी त्याला.

इथला माझा कारखाना जुन्या मशीनी दुरुस्त करायचा आहे, आबा. सुपरवायझरनं ट्रायल घेतली. हातात खरडायचं हत्यार दिलं, समोर लोखंडी पाट. अर्ध्या तासानं त्यानं पट्टी घासून बघितली. त्याची भाषा मला येत न्हाई, त्यानं खुणेनंच विचारलं, कुणी शिकवलं?
मी फोनमधला तुमचा फोटो दाखवला.

दोन वर्षं मी बेडच खरडून राह्यलो. हातानं. इथं शेंदूर न्हाई, ट्यूबमधला निळा रंग असतो. तसल्या निळ्या हाताचा फोटो काढून ठेवला होता तुमच्यासाठी.
म्हणलं दिवाळीला घरी जाऊन दाखवू. मंग ओव्हरटाइम लागला. मंग परत राग आला.
फोटो अजून फोनमध्येच आहे.

काका, तुम्ही ही पोस्ट वाचणार, माहीत आहे. भंगारवाल्याला न्हाई म्हणा. तो जेवढे देणार तेवढे मी देतो, फक्त एकदम जमणार न्हाई. तुम्ही दुकान खुशाल टाका. लेथला एक कोपरा ठेवा, वर ताडपत्री घाला, बेडला तेल लावा. पावसाच्या आत मी येतो.

आबा, तुमचं तोंड बघायला मिळालं न्हाई. इथूनच नातवाचा शेवटचा जय भीम घ्या.

काका, खातं बघा. पहिला हप्ता पाठवलाय. अकरा हजार चारशे.