सुपडू आबांचा बेलभंडारा

हात वर करायचा तर काख दिसेपर्यंत करायचा, असा सुपडू आबांचा नियम होता. आमच्या पंचायत समितीच्या सभेत ठराव मताला आला की बाकीचे सदस्य हात जेमतेम कानापर्यंत न्यायचे. उद्या कुणी जाब विचारलाच तर डोकं खाजवत होतो म्हणायची सोय! आबांचा हात मात्र सरळ छताकडे जायचा आणि मोजणी होईपर्यंत खाली यायचा नाही. सदऱ्याला काखेत ठिगळ होतं, तेही साऱ्या सभेला दिसायचं. मी पहिल्या सभेत पदराआडून नुसती बोटं हलवली, तर सभा सुटल्यावर त्यांनी मला जिन्यात गाठलं. म्हणाले, "अक्का, चोरी करू राह्यली का तू? मत द्यायचं त लोकाइले दिसू दे."

मी त्यांच्या मुलीच्या वयाची, त्यातून विरोधी पक्षाची. राखीव जागेवर निवडून आले होते. म्हणजे खरं सांगायचं तर आमचे हेच निवडून आले होते, नाव तेवढं माझं होतं. कचेरीत सगळे यांच्याशी बोलायचे आणि सहीपुरता कागद माझ्यापुढे सरकवायचे. आबांनी तसं कधी केलं नाही. पहिल्या दिवसापासून मला अक्का म्हणाले, आणि हे मधे बोलायला लागले की शांतपणे म्हणायचे, "पाहुने, तुमी चहा घ्या. मी सदस्याशी बोलू राह्यलो."

आबा बोदवडच्या बाजूच्या एका कोरडवाहू गावचे. आधीची भावंडं जगली नाहीत म्हणून जन्मल्याबरोबर त्यांना सुपात घातलं आणि नावही सुपडू ठेवलं. "मले आईनं जन्मताच पाखडून घेतलं हाय," असं ते हसून सांगायचे. बायको केव्हाच वारली होती. एकुलती मुलगी धुळ्याला दिली होती. घरी स्वतःच ज्वारी-उडदाच्या कळण्याची भाकरी थापायचे आणि तीच फडक्यात बांधून सभेला आणायचे.

सभापती निवडायची वेळ आली तेव्हा दोन्ही पक्षांचे सदस्य बरोबर निम्मे निम्मे होते. मागच्या खेपेलाही असंच झालं होतं. तेव्हा चिठ्ठी काढली, आणि चिठ्ठीत हरलेल्यांनी पुढे एकही सभा धड होऊ दिली नाही. ऐन उन्हाळ्यात टँकरचे प्रस्ताव पडून राहिले. वरच्या अंगाच्या गावांतल्या बाया रिकामे हंडे घेऊन कचेरीच्या पायऱ्यांवर बसल्या होत्या. त्याची बोंब पार जळगावपर्यंत गेली. म्हणून या खेपेला आमचे पुढारी तात्यासाहेब आणि त्यांचे पुढारी बापूसाहेब, जे एकमेकांच्या घरच्या लग्नालाही जात नसत, ते चक्क मुक्ताईनगरच्या रस्त्यावरच्या एका ढाब्यावर समोरासमोर शेवभाजी खायला बसले. तिथं आबांचं नाव ठरलं. आबा बापूसाहेबांच्या पक्षाचे, पण आमचाही त्यांच्यावर राग नव्हता. म्हातारा माणूस, मागेपुढे कुणी नाही, सांगू तिथं सही करील, असा दोघांचाही हिशेब होता.

आबांनी एकच अट घातली. "मी बसतो. पन बठ्ठे, दोन्ही पक्षाचे, मिळून बसवा, आन बेलभंडारा उचला."

आमच्याकडे बेलाचं पान आणि भंडाऱ्याची हळद हातात घेऊन महादेवापुढे दिलेला शब्द फार मोठा मानतात. तो मोडला तर त्याचे भोग लेकराबाळांना येतात म्हणतात. गावाबाहेरच्या महादेवाच्या देवळात आम्ही सगळे सदस्य गेलो आणि मुदत संपेपर्यंत आबांना खुर्चीवरून उठवणार नाही, अशी शपथ घेतली. तात्या आणि बापू बाहेर गाडीला टेकून मोबाईल बघत उभे होते. दुसऱ्या दिवशी आबांच्या नावाला सूचक मी, विरोधी पक्षाची, आणि अनुमोदन त्यांच्या पक्षाचं. बिनविरोध! एकाच जीपवर दोन्ही पक्षांचे झेंडे लागले. गुलालानं माखलेले आबा फोनवर मुलीला ओरडून सांगत होते, "पोरी, दोघाइनं मिळून निवडलं मले! आयकू आलं का? दोघाइनं मिळून!" खुर्चीचं त्यांना काही नव्हतं हो. या दोन शब्दांचाच त्यांना आनंद होता.

मग उन्हाळा आला. टँकरचा क्रम लावताना आबा म्हणाले, "हंडा ज्या बाईच्या डोक्यावर जास्त येळ राह्यते, टँकर पह्यले तिच्या दारात." आणि खरंच तसा क्रम लावला. तात्यासाहेबांच्या गावात गावजेवणाचा भंडारा होता, तिथं टँकर आधी हवा होता. आबा नाही म्हणाले. बापूसाहेबांच्या पुतणीचं लग्न होतं, तिथंही नाहीच म्हणाले. बापूसाहेबांनी स्वतः फोन केला, पक्षाची आठवण करून दिली. तेव्हा मी समोरच बसले होते. आबा म्हणाले, "बापू, मी आता तुमचा एकट्याचा नही ना. तुमीच त मले दोघाइचा केलं."

व्हायचं तेच झालं. तात्या आणि बापू पुन्हा त्याच ढाब्यावर बसले आणि आठवड्याच्या आत अविश्वासाच्या ठरावाची नोटीस निघाली. सह्या दोन्हीकडच्या होत्या. आमच्या तालुक्यात दोन पक्ष इतक्या एकदिलानं कधी वागले नसतील. मेली कामासाठी एवढी एकी कधी झाली असती तर!

आबांना पद जाण्याचं वाईट वाटलंच, पण घोर दुसराच लागला. या माणसांनी बेलभंडारा उचलला आहे, उद्या ते शब्द मोडणार, मग यांच्या पोराबाळांचं काय होईल? सभेच्या आदल्या दिवशी सकाळीच ते हळदीची पुडी आणि बेलाची पानं पिशवीत घालून निघाले. ज्याला शब्द दिला तोच माणूस शपथ सोडवू शकतो, म्हणून एकेका सदस्याच्या घरी जाऊन, हातावर हळद ठेवून ते म्हणत होते, "भाऊ, मी तुले मोकळं केलं. तुह्या लेकराले काही होनार नही."

मला हे नंतर एकेकाकडून कळलं. कळलं तेही हसण्यावारी. एक जण क्रिकेटची मॅच बघत होता. "कसली शपथ आबा?" म्हणाला आणि सोफ्यावर डाग पडू नये म्हणून हळद झटकून टाकली. दुसऱ्यानं ती पुडी मोबाईलमध्ये टिपून सगळ्यांना पाठवली, खाली हसरे चेहरे टाकले. एका घरी तेवढी सदस्याची म्हातारी आई आबांच्या पाया पडली आणि रडली. त्या एवढ्या घरांत बेलभंडाऱ्याची आठवण त्या म्हातारीला आणि आबांनाच होती. ते ऐकून मला इतकी चीड आली की काही विचारू नका.

माझ्याकडे आबा सगळ्यात शेवटी आले. चेहरा उन्हानं काळवंडलेला, पायांवर धुरळा. चहा प्याले, केळीच्या भावाचं विचारलं, माझ्या मुलीच्या डोक्यावरून हात फिरवला आणि उठले. पिशवी तशीच बगलेत. मी दारापर्यंत गेले. म्हटलं, "आबा, माझी शपथ?" ते चपला शोधत राहिले. मग "पाहू" एवढंच म्हणाले आणि निघून गेले.

सकाळी आमचे हे म्हणाले, "पक्षाचा आदेश आहे, मुकाट्यानं हात वर कर." मी म्हटलं, "माझी शपथ सुटली नाही." हे खूप ओरडले. मी गाडीत जाऊन बसले.

सभा चालवायला आलेल्या तहसीलदारांनी ठरावाच्या बाजूनं हात वर करायला सांगितलं. त्या दिवशी पहिल्यांदा साऱ्यांच्या काखा दिसल्या. मग विरोधात कोण, असं विचारलं. मी एकटीनं हात वर केला. मोजून होईपर्यंत तो खाली घेतला नाही. आबांना मत होतं, त्यांनी दिलं नाही. स्वतःसाठी हात वर करणं बरं दिसत नाही, असं त्यांनी आदल्या दिवशीच कुणालातरी सांगितलं होतं. निकाल वाचल्यावर त्यांनी सगळ्यांना नमस्कार केला, टोपी घातली आणि एसटी स्टँडकडे चालू लागले. त्यांना सोडायला दोन्ही पक्षांपैकी एकाचीही गाडी नव्हती.

पक्षानं मला काढून टाकलं. हे कितीतरी दिवस माझ्याशी बोलत नव्हते. पुढे मुदतीच संपल्या, निवडणुका लांबल्या, आणि आबा बसायचे त्या खुर्चीवर प्रशासक आला. आबा थकले तशी मुलगी त्यांना धुळ्याला घेऊन गेली. ते तिथंच वारले. इकडे शोकसभा झाली. तात्या आणि बापू एका मंचावर बसले आणि दोघांनीही त्यांना सर्वांचा सभापती म्हटलं. मला तिथं बसवेना, मी उठून आले.

आबा जाण्याआधी एकदा मी धुळ्याला जाऊन त्यांना भेटले होते. खाटेवर पाठीला उशी लावून बसले होते, अंगात काही उरलं नव्हतं. पण मला ओळखलं. म्हणाले, "आली का अक्का." पक्षातून मला परत या म्हणून निरोप आला होता, ते मी त्यांना सांगितलं. म्हटलं, "आबा, त्या दिवशी तुम्ही साऱ्यांना मोकळं केलंत. मलाच का नाही? मुदतही संपली. आता तरी सोडवा."

त्यांनी मला हातानं जवळ बोलावलं. मग हळू आवाजात म्हणाले, "बठ्ठ्याइले सोडलं, अक्का. तुलेही सोडलं असतं त मले कोनीच निवडलं नव्हतं, असं झालं असतं. तुह्या एकटीपुरता मी अजून सभापती हाय. तेवढं राहू दे."

मी काख दिसेपर्यंत हात वर केला.

आबांनी बोट उचलून तो मोजला. "एक," म्हणाले, आणि डोळे मिटून घेतले.