दिलीपची सायकल आणायला नेकनूरला

माझा कॉलेजचा मित्र दिलीप गेल्याचं कळलं आणि महिनाभराने मी त्याच्या बायकोला, वहिनींना फोन करून त्याची सायकल मागितली. लाज वाटत होती, तरी मागितली. पुण्यात शिकताना आम्ही दोघांनी एकाच दुकानातून एकसारख्या माउंटन बाइक घेतल्या होत्या. माझी मी कधीच विकली. त्याची अजून गोठ्यात होती.

आमच्यासारख्या जुन्या सायकली जमवणाऱ्या वेड्यांना काय लागतं? पोलादी सांगाडा, पुढे शॉकॲब्सॉर्बर नको, गिअर अंगठ्याने ढकलायचे. आणि मुख्य म्हणजे मूळ रंग, मूळ स्टिकर. सुटे भाग शोधले की मिळतात, गेलेला रंग मिळत नाही. वहिनींनी पाठवलेल्या फोटोत दिलीपची मांडी घासून उडालेला राखाडी रंगसुद्धा दिसत होता. मला ती तश्शीच हवी होती.

सकाळी सहाला पुणे सोडलं. नगर, जामखेड करत साडेअकराला बीड. पालीच्या पुढे रस्त्याकडेला सीताफळांच्या टोपल्या मांडलेल्या असतात, जरूर घ्या. मांजरसुंब्याला चहा-भजी झाली, चाळीस रुपयांत. तिथून डावीकडे केजच्या रस्त्याला लागलं की लगेच नेकनूर.

दारातच सायकल उभी होती. लालभडक. सांगाड्यावर हिरव्या वेली आणि आडव्या नळीवर ठसठशीत अक्षरं : कै. दिलीपराव. ट्रॅक्टरच्या ट्रॉल्या रंगवणाऱ्या पेंटरचं काम होतं ते. राखाडीचा ठिपकाही उरला नव्हता.

"भाऊजी, कावून असं बघताय?" वहिनींनी विचारलं. "चांगली न्हाई झाली का?"

"झकास झालीय," मी म्हणालो.

"जुना रंग निघंना, दोन दिस घासला पेंटरनं. पाव्हन्याला त्यांची वस्तू द्यायची, ती खरवडलेली कशी द्यावी? तुमाला घेऊन घाट चढायचा म्हनत व्हते ते. पाच दिवाळ्या म्हनत व्हते, औंदा तो येनार हाय."

त्यांनी पिठलं-भाकरी वाढली. त्या समोर बसल्या होत्या म्हणून दोन भाकरी खाल्ल्या. निघताना त्यांनी सायकलला हळद-कुंकू लावलं आणि पदराने सीट पुसली. मी गाडीच्या टपावर दोर बांधत राहिलो, वर बघायची हिंमत झाली नाही.

पुण्यात सायकली जमवणारा एक मित्र बघायला आला. त्याने कपाळावर हात मारला. "थिनरने काढू हे. खाली काय उरलंय बघू."

खाली काही उरलेलं नाही, हे मी त्याला सांगितलं. मग आत जाऊन दार लावून रडलो. रंगासाठी नाही. पाच दिवाळ्या दिलीप बोलवत होता, दरवर्षी मी पुढच्या वर्षी नक्की म्हणत होतो, आणि शेवटी गेलो तो त्याची सायकल न्यायला.