आक्काच्या पाठीतला जॅक

नांदेड आणि लातूर जिल्ह्यांतल्या तमाम कंबरदुखीग्रस्त बंधू-भगिनींना अत्यंत गंभीरपणे कळविण्यात येते की, आमचा उजवा पाय सेवेतून निवृत्त झाला आहे. यापुढे उसण भरली म्हणून कोणीही आमच्या दारात येऊन पालथे पडू नये. पडल्यास उठवण्याची जबाबदारी आमची राहणार नाही. हुकुमावरून.

हुकूम माझ्या थोरल्या बहिणीवर शस्त्रक्रिया करणाऱ्या डॉक्टरबाईंचा आहे.

मी पायाळू. म्हणजे जन्मताना माझे पाय आधी बाहेर आले, डोकं मागून. आमच्याकडे अशा माणसाला दोन गोष्टी जन्मतःच मिळतात. एक म्हणजे, आभाळ गडगडलं की आई त्याला ओढून घरात बसवते, कारण वीज म्हणे पायाळूच्याच शोधात असते. आणि दुसरी, वैद्यकीय पदवी. कुणाच्या पाठीत उसण भरली की पायाळूनं त्या पाठीला पाय लावायचा, की उसण गेलीच. लहानपणी लातूरकडच्या मुरुडच्या बाजारात आई भाजी घेत असायची आणि मी तिथंच एखाद्या मिशाळ पाटलाच्या पाठीवर पाय ठेवून उभा असायचो. मोठेपणी नांदेडला मंडप-लाउडस्पीकरच्या धंद्यात पडलो, लग्नांत माइकवर बोलायला लागलो, तरी प्रॅक्टिस सुटली नाही. एकदा तर ऐन मुहूर्तावर गुरुजींचीच कंबर धरली. त्या लग्नात अक्षता पडायच्या आधी माझा पाय पडला. लोकांना गुण येत असे. उसण तशीही चार-दोन दिवसांत आपली आपण जाते, ही गोष्ट मी माइकवर कधी सांगितली नाही.

गुण आला नाही तो फक्त आक्काला.

आक्का मुरुडजवळच्या गावात दिलेली. आमच्या घरात सगळ्यांत उंच तीच. लग्नात दाजींच्या गळ्यात हार घालताना तिला वाकावं लागलं होतं आणि मांडवभर हशा पिकला होता. सगळ्यांत मोठ्यानं दाजीच हसले होते. दाराचं तोरण ती पाटाशिवाय बांधायची, माळ्यावरचा डबा टाचही न उचलता काढायची. अशी ही बाई अलीकडं कमरेतून वाकत चालली होती. चार पावलं टाकली की उजव्या पायात मुंग्या, मग आग, मग पाय बधिर. वाकलं की जरा बरं वाटायचं, म्हणून ती वाकायची. आणि वाकता वाकता तशीच राहिली. माणसं ती चपलांवरून ओळखायला लागली. मी दारात उभा राहिलो की जमिनीकडं बघूनच म्हणायची, "आलास का? चपला तरी नव्या घे की रं येड्या." पुढं पुढं तिच्या उजव्या पायाचा अंगठा वर उचलेना. उंबऱ्याला अडखळून ती दोनदा पडली, तेव्हा मात्र दाजींनी तिला गाडीत घातली आणि लातूर गाठलं.

लातूरच्या डॉक्टरबाई वयानं तरुण, मूळच्या हिमायतनगरकडच्या. त्यांनी पाठीचा काढलेला फोटो उजेडावर लावून सांगितलं, की एक मणका पुढं सरकलाय. त्याच्या आणि खालच्या मणक्याच्या मधली गादी पार बसलीय, आणि त्यात पायाकडं जाणारी शीर चिमटलीय. असंच राहिलं तर पाय हळूहळू जाईल. दोन्ही मणके एकमेकांना जोडून टाकायचे आणि मधली उंची परत द्यायची.

"मग ती सरळ उभी राहील?" दाजींनी विचारलं.

"शिरेला जागा मी करून देईन. शीर किती सावरते, ते आत्ता सांगता येत नाही."

बाहेर आल्यावर दाजी म्हणाले, "दोन वर्षं झाली बघ, मी तिच्याकडं मान वर करून बघितलं न्हाई."

शस्त्रक्रियेच्या आदल्या दिवशी दुपारी आक्कानं मला खाटेजवळ बोलावलं. "एकदा लाव."

"काय?"

"पाय. उद्या ती बाई पाठ उघडणार. त्याच्या आधी शेवटचा लाव."

"आक्का, हे उसणीचं काम न्हाई. मणका सरकलाय."

"गावभर लाथा घालत फिरतोस अन् सख्ख्या बहिणीला नाट लावतोस होय रं?"

थोरल्या बहिणीचा शब्द मोडायची आमच्याकडे पद्धत नाही. दाजी दाराशी पहाऱ्याला उभे राहिले. शेजारच्या खाटेवर किल्लारीकडची एक म्हातारी होती, ती आपली आपण कुशीवर वळली आणि म्हणाली, "बाबा, जाता जाता माझ्याबी पाठीला टेकव. तुझं काय झिजतंय?"

मी सलाइनचा स्टँड धरला, चप्पल काढली, पाय उचलला. आता खरा पाय लावावा तर सरकलेला मणका अजून सरकायचा. न लावावा तर आक्का जन्मभर ऐकवणार. तेव्हा मी नाटक करायचं ठरवलं. खाटेच्या लोखंडी दांडीला पाय टेकवायचा आणि मोठ्यानं "जय हो" म्हणायचं. तोंडातून "जय" निघालं, आणि मागून आवाज आला.

"काय करून राहिलात तुम्ही?"

डॉक्टरबाई. पहारेकरी दाजी छताकडं बघत होते.

"पाय खाली घ्या."

मी पाय खाटेवर ठेवला.

"खाली म्हणजे जमिनीवर!"

मला वाटलं, आता आपली वरात थेट गेटाबाहेर. पण त्या ओठ दाबून हसत होत्या. "माझे आजोबा पण पायाळू शोधत गावोगाव फिरायचे," त्या म्हणाल्या. "पण या पाठीला पाय लावायचा नाही. आज नाही, उद्या नाही, कधीच नाही. आणि दुसऱ्या कुणाच्याही पाठीला नाही. हाव म्हणा."

"हाव," मी त्यांच्याच बोलीत होकार दिला. म्हातारी निराश होऊन परत उताणी झाली.

मग त्यांनी मला आणि दाजींना आपल्या खोलीत नेलं, ड्रॉवरमधून एक राखाडी तुकडा काढला आणि माझ्या तळहातावर ठेवला. भुईमुगाच्या शेंगेएवढा. मधे जाळी, वर-खाली बारीक दाते, एका टोकाला भोक.

"हे आत बसवायचं. याला केज म्हणतात."

मी खरं सांगतो, माझा विरस झाला. एवढी उंच बाई, आणि तिला टेकू म्हणून ही शेंग? त्यांनी एक लांब पेचकस त्या भोकात घातला आणि माझ्या हाती दिला. "फिरवा."

मी फिरवला. आणि माझ्या तळहातावर, काही आवाज न करता, त्या शेंगेचा वरचा भाग उठायला लागला. तिरका नाही, झटक्यानं नाही. सावकाश, सरळ, एखादा मोठा माणूस मांडी सोडून उठतो तसा. आयुष्यभर मी मांडव उभे केलेत, जीपखाली जॅक लावलेत, पण एवढ्याशा जागेत एवढ्या ऐटीत काही उठताना पाहिलं नव्हतं. तोंड उघडंच राहिलं असणार, कारण दाजींनी मला कोपरानं ढोसलं. मी म्हणालो, "परत एकदा." बाईंनी तो परत मिटवून दिला. मी परत उठवला. मग दाजींनी उठवला. दोन अर्धी म्हातारी माणसं जत्रेतलं खेळणं मिळाल्यासारखी त्याच्यावर तुटून पडली.

बाई म्हणाल्या, "पूर्ण उंचीचा ठोकळा आत न्यायचा तर शीर जास्त बाजूला ओढावी लागते, शिवाय ठोकून बसवावा लागतो. मिटलेली छत्री गर्दीतून नेता येते, उघडी नाही नेता येत. ही मिटवून न्यायची आणि जागेवर पोचल्यावर उघडायची. जेवढी हवी तेवढीच."

दाजींनी घसा खाकरला. "मॅडम, एक विनंती हाय. एखादा आटा कमीच पिळा. आधीच ती माझ्यापेक्षा वीतभर उंच हाय."

बाई खुर्चीत मागं रेलून हसल्या. मग गंभीर होऊन म्हणाल्या, "हा नुसता आधार आहे. त्यात तिच्याच हाडाचे तुकडे भरायचे. पुढच्या काही महिन्यांत त्यातून नवं हाड वाढेल आणि दोन्ही मणके एक होतील. खरं काम शरीरच करतं."

हे मला लगेच कळलं. मांडवाचे खांब आपण रोवायचे. लग्न दुसऱ्यांनीच लावायचं असतं.

दुसऱ्या दिवशी आक्काला आत नेलं. जाताना ती उताणी होती, त्यामुळे कधी नव्हे ती सरळ दिसत होती. दाजींनी तिच्या उजव्या पायाचा अंगठा हळूच दाबला. तिला ते कळलं नाही. दार बंद झालं आणि मी, ज्याला माइक मिळाला की थांबवणं मुश्कील, तो मी, बाकावर मुका बसून राहिलो. डोळ्यांपुढं एकच चित्र. आत कुठंतरी, रक्तामांसाच्या त्या अंधारात, एका नाजूक शिरेला खेटून एक शेंग उठत असेल, आणि तिच्यावर आक्काचं सगळं ओझं. वाहिलेल्या घागरी, कडब्याच्या पेंढ्या, कडेवरची पोरं, सगळं.

बाई बाहेर आल्या आणि म्हणाल्या, "छान उघडली."

पाठीचा नवा फोटो हातात पडल्यावर दाजी कुणाला आवरेनात. खिडकीच्या उजेडात धरून त्यांनी तो अख्ख्या वॉर्डाला दाखवला. "हे स्क्रू. ह्या सळया. अन् हा बघा, मधे, आपला जॅक!" किल्लारीच्या म्हातारीनं फोटोलाच हात जोडले. मीही जोडणार होतो. लाज वाटली म्हणून खिशात घातले.

मग तिला उभी करायची वेळ आली. बाईंनी आधी चादर बाजूला केली. "उजवा अंगठा वर घ्या."

काही झालं नाही. आक्कानं कपाळाला आठ्या घातल्या, दातओठ खाल्ले, आणि तो अंगठा हलला. जरासाच. मग परत, आणि या वेळी पुरता वर.

कमरेला पट्टा बांधून नर्सनं तिला खाटेच्या कडेला बसवलं, हातात वॉकर दिला. आक्का उठली. उठली तरी सवयीनं जमिनीकडेच बघत होती. नर्स म्हणाली, "मावशी, मान वर. समोर बघा."

आणि आक्का उलगडली. आधी कंबर, मग पाठ, मग खांदे, मग मान. वाढतच गेली. दाजींची मान तिच्याबरोबर वर वर जात होती, आणि त्यांच्या डोळ्यांतून घळाघळा पाणी वाहत होतं, आणि ते पुसायचं त्यांना सुचत नव्हतं. आक्कानं खिडकीबाहेर बघितलं. पंख्याकडं बघितलं. नवऱ्याकडं खाली बघितलं आणि हसली. मग तिची नजर माझ्याकडे वळली, माझ्या चेहऱ्यावरून वर सरकली, डोक्यावर थांबली, आणि ती सगळ्या वॉर्डाला ऐकू जाईल अशी ओरडली,

"अगं बाई! तुला मधोमध टक्कल कधी पडलं रं?"